कांदाचाळीतली खाण

गोरक्ष लगडच्या हाताला यश होतं, आणि त्याच्या बायकोची, सत्यशीलाची, खरी तक्रार तीच होती. श्रीगोंदा तालुक्यात कुणाची पाण्याची मोटर जळाली की ती गाडीवर टाकून याच्याच दुकानात यायची. हा दोन दिवसांत नवं वायंडिंग भरून द्यायचा आणि मोटर पुढची पाच वर्षं कुरकुर करत नसे. असा माणूस निमूट मोटरी भरत बसला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण नाही. साहेबांना शोध लावायचे होते.

आधी त्याने पाण्यावर चालणारी मोटारसायकल केली. ती पाण्यावर चालली नाहीच, नंतर पेट्रोलवरही चालेना. मग आवाज दिला की उघडणारं फाटक केलं. ते म्हैस हंबरली की उघडायचं. सत्यशीलाने सगळं सोसलं, कारण या खेळांची झळ तिच्या बियाण्याच्या कांद्यांना कधी लागली नव्हती.

तिच्या लग्नात आई छबूबाईने पाथर्डीहून कांद्याच्या बियाची पुरचुंडी दिली होती. आई गेली, माहेरचं रान पडीक झालं, पण ते बी सत्यशीलाने चालू ठेवलं. दर उन्हाळ्यात कांदा निघाला की ती ढिगाशी बसायची आणि बारीक मानेचे, गोल, एका रंगाचे कांदे हाताने निवडून प्लास्टिकची चार कॅरेटं भरून बाजूला ठेवायची. दिवाळीच्या सुमाराला ते लावायचे आणि उन्हाळ्यात त्यांच्या गोंड्यांचं बी धरायचं. सत्तावीस वर्षं यात खंड नव्हता. यंदा मात्र ऐन फुलोऱ्यात गारा पडल्या आणि मूठभरही बी हाती लागलं नाही. आता आईचं बी उरलं होतं ते कांदा साठवायच्या चाळीतल्या चार कॅरेटांत, दुसरीकडे कुठेही नाही.

जूनमध्ये विकायचा कांदा गेला, चाळ रिकामी झाली, आणि गोरक्ष पुण्यातल्या एका बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतून कॉम्प्युटरची सहा जुनी ग्राफिक कार्डं घेऊन आला. त्यांचं मशीन म्हणे दिवसरात्र आकडेमोडीचं कोडं सोडवत बसणार, आणि त्याबद्दल आभासी नाण्याचा एखादा कण मिळणार. याला खाणकाम म्हणतात; तो कण मात्र हातात येत नाही, मोबाईलमध्ये दिसतो. जळक्या मोटरी रांगेत पडून राहिल्या आणि हा कांद्याचं कॅरेट उलटं करून त्यावर कार्डं बांधत बसला.

"दुकानात ठिवा की. चाळीत कशाला?" सत्यशीलाने विचारलं.

"अगं, हे लई तापतं. याला वारा लागतो. आन चाळ वाऱ्यासाठीच बांधलीय. खालनं वारा, बाजूनं वारा."

लग्नानंतर पहिल्यांदाच तो काहीतरी बरोबर बोलतोय असं तिला वाटलं. "माझ्या कांद्याला काय झालं तर बगा," एवढंच ती म्हणाली.

गाव बघायला आलं. रंगनाथतात्यांनी लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यातनं निघतं काय?"

"नाणं."

"दाव की."

"ते दिसत न्हाई तात्या."

"मग तसली माझ्याकडं बी लई हायती," म्हणून तात्या चहा न घेता गेले.

ऑगस्टमध्ये लेकीच्या, निकिताच्या, दुसऱ्या बाळंतपणाला सत्यशीला अकोल्याला गेली. सव्वा महिना राहिली. रोज फोनवर विचारायची, कांदे बघितले का? तो म्हणायचा, बघितले. तसं ते खोटंही नव्हतं. रोज तो मशीनजवळ जायचा, मोबाईलवर त्याचं तापमान बघायचा, आणि चार कॅरेटं कोपऱ्यात जिथल्या तिथं असायची.

ती परत आली तेव्हा वास फाटकापाशीच आला. चाळीला चारही बाजूंनी ताडपत्री आवळून बांधलेली. तिरपा पाऊस येत होता, मशीन भिजलं असतं, म्हणून. शेतकऱ्याच्या पोराने भर पावसाळ्यात कांद्याचा वारा बंद केला होता आणि आत सहा कार्डांची शेगडी पेटवली होती! कॅरेटं उपडी केली तर काळा, बुळबुळीत चिखल. तिने तो सगळा हाताने चाचपला. धड निघाले अकरा कांदे. ते ओटीत घेतल्यावर तिला आईच्या पुरचुंडीची गाठ आठवली आणि ती तिथेच खाली बसली. इतका राग तिला कधी आला नव्हता, आणि इतकं पोरकंही कधी वाटलं नव्हतं.

"अवो, जळालेली मोटर तुमी नुसत्या वासावर वळखता," ती म्हणाली. "ह्यो वास आला न्हाई?"

"आला हुता," गोरक्ष म्हणाला. "मला वाटलं वायर तापतीय. रोज वायर तपासत हुतो."

ती कांद्यांना लागलेला चिखल पदराने पुसू लागली. तोच पुढे म्हणाला, "दुकानातनं चांगलं बी आनू. मशीनच्या पैशातनं आनतो."

"आना."

त्याने मोबाईल उघडला. मान खाजवली. "आत्ता काढता येत न्हाई. ठरावीक रक्कम झाल्याबिगर देत न्हाईत."

"कवा व्हईल?"

या गड्याला हिशोब मात्र खोटा करता येत नसे. बोटांवर मोजत तो म्हणाला, "असंच चालू ऱ्हायलं तर तीन वर्सं."

सत्यशीला उठली आणि तिने ताडपत्रीची पहिली गाठ सोडली. श्रीगोंद्याच्या बाजूने आभाळ भरून आलं होतं.

"अगं, मशीन भिजंल!"

"त्याला वारा लागतो म्हनला हुता ना तुमी?" तिने दुसरी गाठ सोडली, मग तिसरी.

गोरक्षने घाईघाईने वायरी उपसल्या आणि लोंबत्या तारांसकट मशीन कवटाळून तो घराकडे पळाला. त्याच्या मागोमाग ती घरात शिरली. तिने सूप झटकून बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवलं, त्यात अकरा कांदे सुटे सुटे मांडले, आणि पंखा लावला. घरात तेवढा एकच पंखा होता.

मशीन पोटाशी धरून गोरक्ष दारात उभा होता. त्याने पंख्याकडे पाहिलं, मग सुपाशेजारच्या मोकळ्या जागेकडे.

"तिथं न्हाई," सत्यशीला म्हणाली.