पायाशी ठेवलेली पिशवी

आमची छोटी वल्ह्याची होडी, कयाक, गळायला लागल्यापासून माझी बायको सुमती खाडीत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची आणि मी तळावरचा तो मोठा ओरखडा पुन्हा पुन्हा बुजवायचो.

काल शेवटी कयाक अंगणात दोन स्टुलांवर ठेवली आणि तिच्या आतच बादलीने पाणी ओतलं.

"आता घरीच बुडवताय का?" सुमती म्हणाली.

ओरखडा कोरडाच राहिला. थेंब लोंबत होता तो सीटच्या स्क्रूखाली. एवढासा थेंब बघून हायसं वाटलं. ओरखड्यावर उगाच आळ घेतला होता. जखम दिसली की दुखणं तिथेच असणार, असं आपण माणसांच्या बाबतीतही धरून चालतो.

स्क्रूला नवा रबरी वॉशर घातला.

आज खाडीच्या मध्यावर सुमतीने तळावरून हात फिरवला, कोरडी बोटं बघितली आणि पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली.