अण्णांच्या टर्नटेबलाला हात लावू नका!

रेकॉर्डवर धूळ आणि आमच्या कंपूत किस्से, दोन्ही बसल्या बसल्या जमतात. धूळ पुसायला निदान मखमलीचा ब्रश मिळतो. किस्से पुसायला गेलं की आणखी दोन आठवतात!

कंपू म्हणजे अण्णा देशपांडे, हुबळीचे वकील. त्यांच्या पत्नी सुमनअक्का. कॉलेजात फिजिक्स शिकवणारे कांबळे सर. आणि मी, शाळामास्तर. रविवारी सकाळी हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या अण्णांच्या घरी आम्ही जमायचो. मधोमध ते टर्नटेबल. अण्णांच्या मेहुण्यानं जर्मनीहून आणलेलं, जडशीळ. त्याला कुणी ‘रेकॉर्ड प्लेअर’ म्हटलं की अण्णा तापायचे. “विमानाला एस.टी. म्हणता काय तुम्ही?”

नव्वदनंतर गावानं रेकॉर्डी भंगारात घातल्या. आधी कॅसेटी आल्या, मग सीडी. कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानदारानं अण्णांना आग्रहानं आत बोलावलं, चहा पाजला आणि सीडी लावून दाखवली.

“ऐका अण्णा! एवढीशी तरी खरखर आहे काय?”

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. कप खाली ठेवला.

“मेलेला माणूस खोकतो काय रे?” म्हणाले, आणि बाहेर पडले.

*

उन्हाळ्यात वेगळाच ताप. कांबळे सर सांगायचे, “अण्णा, ही मोटर विजेच्या लाटांच्या ठेक्यावर चालते. तिकडं ठेका रेंगाळला की इकडं तबकडी रेंगाळणार.” आणि व्हायचंही तसंच. गाणारी बाई झोकात काळी चारमध्ये सुरू करायची, आणि दुपार चढेल तशी खाली खाली यायची!

अण्णांनी वीज कचेरीला फोन लावला. पलीकडून कन्नडमध्ये विचारणा झाली, “एन तोंदरी री?” म्हणजे, त्रास काय आहे?

अण्णाही कन्नडमध्येच गरजले, “दुपारी बाईंचा सूर उतरतो!”

पलीकडून उत्तर आलं, “मग डॉक्टरकडं न्या की री! इथं मीटरचं बघतात!”

कांबळे सर हसले नाहीत. “त्यांची वीज त्यांच्यापाशी राहू दे,” म्हणाले, “आपला ठेका आपण धरू.” रोज कॉलेज सुटलं की बसून त्यांनी मोटरीसाठी एक पेटी बनवली. बाहेरची वीज कशीही येवो, पेटीतून मोटरीला ठेका नेमका मिळणार. ज्या रविवारी पेटी जोडली, त्या रविवारी पंखा रांगत होता, ट्यूबलाइट डोळे मिचकावत होती, आणि बाई काळी चारमध्ये ठाम!

अण्णा खिडकीपाशी गेले आणि वीज कचेरीच्या दिशेनं ओरडले, “आता करा काय करायचं ते!”

*

एकदा अण्णांचे एक बडे अशील आले. नाव सांगत नाही, गावात अजून वजन आहे. कांबळे सर तेव्हा गुडघ्यावर बसून, डोळ्याला भिंग लावून, सुईचा दाब जुळवत होते. हे काम श्वास रोखून करायचं. सुई जड झाली तर रेकॉर्ड खरवडते, हलकी झाली तर उड्या मारते.

अशील खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, “मेकॅनिक बरा मिळाला हो अण्णा! कुठल्या वस्तीतला?”

सुमनअक्का कॉफीचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या. कांबळे सरांनी हातातलं काम पुरं केलं. भिंग पुसून डबीत ठेवलं. मग उठले.

“मेकॅनिकच्या खुर्चीवर तुम्ही बसलाय,” ते म्हणाले. “उठा.”

अशीलांनी अण्णांकडं पाहिलं.

“उठा म्हणाले ना ते!” अण्णा म्हणाले.

अशीलांनी रेकॉर्डची ती अख्खी बाजू उभ्यानं ऐकली. शेजारी दुसरी खुर्ची होती. ती कुणी दाखवली नाही!

*

अण्णांच्या मुलीला, विद्याला, बघायला धारवाडची मंडळी आली होती. घर चांगलं, मुलगा इंजिनीअर. सुमनअक्कांनी उप्पीट केलेलं, वर चांगलं चमचाभर तूप. बोलणी रंगात आली, आणि मुलाचे काका बशी हातात घेऊन टर्नटेबलापाशी गेले.

“अजून चालतं हे?” म्हणत त्यांनी तबकडीवर बोट टेकवलं. उप्पिटाचं बोट!

अण्णा उठणार, तोवर विद्याच उठली. मान खाली घालून बसलेली मुलगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “काका, हात धुवून या. आणि ते पुसल्याशिवाय मी पुढं काही बोलणार नाही.”

काकांचं बोट हवेतच. मुलाच्या आईनं पदर सावरला. मंडळी कॉफी न घेता गेली.

“सोन्यासारखं स्थळ घालवलंस!” विद्याच्या आत्याबाई कपाळावर हात मारून घेत होत्या.

“जाऊ दे,” अण्णा तबकडी पुसत म्हणाले. “तुपकट होतं.”

*

पुढं अण्णांनी उणकलला घर बांधलं. हवा छान, तळं जवळ. पण समोरच्या रस्त्यानं ट्रक गेला की सुई उडायची. कांबळे सर म्हणाले, खाली दगडाची जाड लादी हवी. आम्ही सगळे दगडवाल्याकडं गेलो.

त्यानं माप घेतलं आणि गंभीर होऊन विचारलं, “नाव कुणाचं घालायचं, अण्णा?”

“कुणाचं नाही.”

“मग तारीख तरी?”

“अरे, अजून कुणी मेलं नाही!”

“असू दे की,” दगडवाला समजुतीनं म्हणाला, “पुष्कळ लोक आधीच करून ठेवतात. वेळेवर धावपळ नको.”

अण्णा लाल झाले. सुमनअक्कांना मात्र हसू आवरेना. “कोरायचंच आहे, तर मी सांगते ते कोर,” म्हणाल्या.

लादी आली. पुढच्या कडेवर ठसठशीत अक्षरात, ‘हलणार नाही’!

*

मग अण्णांचे कान गेले. आधी उजवा, मागोमाग डावाही. डॉक्टरांनी यंत्र दिलं. समोर बसून मोठ्यानं बोललं तर चार शब्द पोचायचे. रविवार मात्र चुकला नाही. उलट त्याच वर्षी अण्णांनी परदेशातून नवी सुई मागवली, होती त्याहून भारी.

बेंगळुरूहून मुलगा आला, गिरीश. गुणी मुलगा, पण व्यवहारी. सोबत एका हौशी गृहस्थाला घेऊन आला होता. असल्या यंत्रांचा त्याला नाद.

“अप्पा,” गिरीश वडिलांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं म्हणाला, “तुम्हाला ऐकू येत नाही. हे नुसतं पडून राहणार. यांच्याकडं नीट सांभाळलं जाईल.”

अण्णांना किती ऐकू आलं कोण जाणे. पण त्यांना कळलं. कानातलं यंत्र काढून त्यांनी टीपॉयवर ठेवलं आणि कांबळे सरांना खूण केली.

सरांनी रेकॉर्ड लावली. नवी सुई, काय सांगू! तो गृहस्थ तर नुसता डोलायला लागला. आम्ही माना डोलावत होतो, गिरीशही पाय हलवत होता. सुमनअक्का तेवढ्या खिडकीबाहेर बघत होत्या.

आणि अण्णांनी कपाळाला आठी घातली. हात वर केला.

“कांबळे, डावा बंद आहे.”

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गिरीशनं मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कांबळे सर उठले, ते अण्णांचं मन राखायला म्हणून. डाव्या स्पीकरपाशी गेले, वाकले, कान लावला.

तसेच राहिले.

मग त्यांनी स्पीकरच्या मागं हात घालून एक सुटलेली वायर वर धरून दाखवली.

तो हौशी गृहस्थ उभा राहिला, अण्णांना वाकून नमस्कार केला आणि चपला घालून गेला. गिरीश तोंड उघडं ठेवून बसलेला. सुमनअक्का अण्णांच्या अगदी जवळ गेल्या.

“अहो,” त्यांनी विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?”

अण्णांनी हात कानामागं नेला.

“काय म्हणालीस?”