कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात

एमसीबी तिसऱ्यांदा पडला आणि दुकानातले पंखे पुन्हा थांबले. माझ्यासमोर टेबलावर टायपिंग क्लासच्या जोशी मॅडमचा कॉम्प्युटर होता. "बाजूला हात लागला की चटका बसतो," एवढीच त्यांची तक्रार. पण मी प्लग लावला की मेन बोर्डावरचा हा एमसीबीचा खटका पडायचा. याचा अर्थ कुठेतरी वीज जिथे जायला नको तिथे जात होती.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं असेंबलिंगचं दुकान होतं. कंपनीचा तयार कॉम्प्युटर तेव्हा बहुतेकांना परवडायचा नाही. मग लोक आमच्याकडे यायचे. मदरबोर्ड एकाकडून, हार्ड डिस्क दुसऱ्याकडून, असं जमवून आम्ही बजेटमध्ये बसवून द्यायचो. त्या उन्हाळ्यात मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून पंधरा कॅबिनेट स्वस्तात उचलली होती. कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचा पत्र्याचा डबा. त्यातच एसएमपीएस बसवलेला येतो. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला झेपेल अशी करून देणारा हा भाग. त्याच्याकडे गिऱ्हाईक कधी बघत नाही. खरं सांगायचं तर मीही बघितलं नव्हतं.

मी जोशी मॅडमच्या मशीनचा एसएमपीएस उघडला. सर्किट आणि पत्रा यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकचा कागद असावा लागतो. तो नव्हता. जिवंत वायरचं टोक पत्र्याला टेकलं होतं.

दुकानाला अर्थिंग होतं. म्हणजे पत्र्यात आलेली वीज तिसऱ्या वायरीतून जमिनीत उतरत होती आणि खटका पडत होता. अर्थिंग नसतं, तर खटका पडला नसता. अख्खा डबा करंट घेऊन नुसता उभा राहिला असता.

मग मला सुभेदार आठवले.

सुभेदार गायकवाड देवळाली कॅम्पात राहायचे. तोफखान्यातून रिटायर झालेले. नंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मुलगी बंगळुरूला नोकरीला होती. तिचे ई-मेल वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांनी मिळवलं होतं आणि ते चालेल असा स्वस्तात स्वस्त कॉम्प्युटर त्यांना हवा होता. मी त्याच पंधरांपैकी एक कॅबिनेट दिलं. वर एक एक्स्टेंशन बोर्ड फुकट दिला. दोन दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता.

"महाजन, कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात."

"साहेब, ते स्टॅटिक असतं, नायलॉनचे कपडे काढताना चटचटतं तसं. हवा कोरडी आहे ना. काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

समोर गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून मी पटकन फोन ठेवला होता. ज्या माणसाला सगळं हातानेच चाचपून शोधावं लागतं, त्याला मी काही होत नाही म्हणून सांगितलं होतं.

मी त्यांचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. तेव्हा इंटरनेट फोनच्याच वायरीवरून चालायचं. इंटरनेट चालू तर फोन एंगेज. म्हणजे सुभेदार या क्षणी कॉम्प्युटरवर बसले होते. पाच मिनिटांनी तेच. दहा मिनिटांनी तेच. सुभेदार पैसे जपून वापरणारे. मेल उतरवून घ्यायचे आणि लगेच लाइन तोडायचे. मग इतका वेळ लाइन चालू कशी? त्यांना ती तोडता येत नसेल तर?

तेवढ्यात फुकट दिलेल्या बोर्डाचा विचार आला. त्याच पेटीतला एक कपाटावर पडला होता. मी स्क्रू काढले. बाहेरून तीन पिनांचा, आत वायर दोनच. अर्थिंगची पिन रिकामी. सुभेदारांच्या घराला अर्थिंग व्यवस्थित होतं, मी स्वतः बघितलं होतं. माझ्याच बोर्डाने ते कॉम्प्युटरपर्यंत पोचू दिलं नव्हतं.

बायको, वर्षा, दुकानातलं बिलिंग बघायची. मी तिच्यापुढे बिलांची वही टाकली आणि त्या पंधरा कॅबिनेटची गिऱ्हाइकं दाखवली.

"या सगळ्यांना फोन कर. भिंतीतलं बटण बंद करा म्हणावं. कॅबिनेटला हात लावू नका."

"कारण काय सांगू?"

"शॉक बसेल म्हणून सांग."

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोन ओढला. मी स्कूटर काढली.

द्वारका चौकात नेहमीसारखी गर्दी होती. नाशिकरोडला थांबून पीसीओवरून पुन्हा नंबर लावला. एंगेज. मी तसाच स्कूटरवर बसलो. पुढे लॅम रोडवर मला रस्ता दिसत होता, पण डोक्यात एकच चित्र होतं. सुभेदार खुर्चीत, हात कॅबिनेटवर, आणि त्यांच्या पत्नी विमलताई त्यांना सोडवायला धावताहेत. शॉक लागलेल्या माणसाला धरलं की धरणाराही अडकतो. त्यांना हे कोणी सांगितलं असेल का?

घराला कुलूप होतं.

शेजारच्या बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मला बघून उठल्या.

"सुभेदार कुठे आहेत?"

"दवाखान्यात गेले. विमलताईला करंट लागला ना. सकाळच्याला."

"कशा आहेत त्या?"

"नाय माहीत बा. आमच्या मालकांनी रिक्षात घालून नेलं. बोलत नव्हती काही." त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. आत टेबलाखाली फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता. "सुभेदारांनी फोन उचलला, पण नंबर लागंना. मग सोडून दिला अन् आम्हाला हाका मारल्या."

मला इतका वेळ फोन एंगेज लागत होता, तो इंटरनेटमुळे नव्हताच.

दवाखाना जवळच होता, पण स्कूटर चार किकांत सुरू झाली नाही. मी चालत निघालो, मग पळत. आत काय ऐकायला मिळेल याची इतकी भीती वाटत होती की फाटकापाशी आल्यावर पाय थांबले. एखादा मिनिट मी तिथे उभा होतो. ही गोष्ट मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

सुभेदार बाकावर ताठ बसले होते. मी नाव सांगितलं.

"विमलताई?"

"शुद्धीवर आहे. बोटं भाजली. कोपर निखळलं होतं, बसवलं. रात्रभर ठेवून घेतील, ईसीजी काढत राहणार म्हणाले."

मी खाली बसलो. काय झालं ते त्यांनी सावकाश सांगितलं. फरशी नुकतीच पुसलेली. विमलताई अनवाणी, हातात ओलं फडकं. टेबल पुसता पुसता कॅबिनेटला हात लागला आणि तिथेच चिकटला.

"ती ओरडली नाही. घशातून वेगळाच आवाज आला. मी समजलो. माझा हात तिच्याकडे गेला होता, महाजन. मी तो मागे घेतला. मेन स्विच दाराजवळ आहे, नऊ पावलं. तिला तसंच सोडून नऊ पावलं गेलो. लांब होती ती नऊ पावलं."

मी बोर्डाचं सांगितलं. एसएमपीएसचं सांगितलं. स्टॅटिक म्हणालो ते न बघताच म्हणालो, हेही सांगितलं. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं.

"असे आणखी किती आहेत?"

"पंधरातले हे एक, एक दुकानात. तेरा बाहेर. बायको फोन करतेय."

"सगळ्यांनी उचलले?"

मी दवाखान्याच्या फोनवरून वर्षाला विचारलं. नऊ घरी निरोप पोचला होता. चौघांकडे कोणी उचलत नव्हतं.

"चार बाकी," मी येऊन सांगितलं.

"मग इथे का बसलात?" सुभेदार म्हणाले. आवाज चढला नव्हता. "हिच्याजवळ मी आहे. तुम्ही जा."

मी गेलो. एक पंचवटीत, दोन सिडकोत, चौथं लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यात. तिथे पोचलो तर व्यापारी कॅबिनेटवर कोपर टेकून बोलत बसले होते. कॉम्प्युटर बंद होता, लाइट गेली होती म्हणून. मी नमस्कारही न करता प्लग ओढला. ते रागावले. मी कारण सांगितल्यावर त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

आठवड्याभरात सगळी कॅबिनेट परत आणली, एसएमपीएस फोडून भंगारात घातले, नवे चांगले बसवून दिले. मुंबईचा व्यापारी फोनवर म्हणाला, "इतनी सस्ती चीज में इतना ही मिलेगा." त्याच्याशी भांडण करून काही उपयोग नव्हता. घेताना मी तरी कुठे उघडून बघितलं होतं?

त्यानंतर बजेट कमी असलं की मी लोकांना सांगायचो, मॉनिटर जुना घ्या, रॅम पुढच्या वर्षी वाढवा, स्पीकर नकोच. पण भिंतीत जे घुसतं, त्यात कापाकापी करू नका. एसएमपीएस आणि बोर्ड मी उघडून दाखवल्याशिवाय विकले नाहीत. कोणी मुंग्या येतात म्हणालं, की टेस्टर घेऊन त्यांच्या घरी जायचो. दहापैकी नऊ वेळा काही नसायचं.

विमलताईंचं कोपर बरं झालं, दोन बोटं मात्र पूर्ण वाकत नाहीत. मी पुढे दोन-तीनदा भेटायला गेलो. त्यांनी चहा दिला, नीट बोलल्या. सुभेदारांनी नंतरचा कॉम्प्युटर दुसऱ्या दुकानातून घेतला. मला ते बरोबरच वाटलं.