बाईचा खड्डा

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी शिरूरला गेले होते. मांडव आमच्या जुन्या आळीतच होता, विहारासमोर. गाड्या लावायला जागा नव्हती, म्हणून मांडवातला एक तरुण दुसऱ्याला ओरडून सांगत होता, “घाटाखाली लाव रं, बाईच्या खड्ड्याच्या अलीकडं!”

मी त्याला विचारलं, “कोण बाई?”

“काय म्हाईत न्हाई ताई. जुनं नाव हाय. पहिल्यापासनं तसंच म्हणत्यात.”

जुनं कसलं नाव? ती बाई माझी थोरली बहीण होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिला ओळखणारी निम्मी माणसं त्या मांडवात पंगतीला बसली होती. नवरीला आहेर केला आणि न जेवता पुण्याची एसटी धरली.

आमची आळी म्हणजे बाजारपेठेच्या मागून घोडनदीकडे उतरत जाणारी एक चिंचोळी वाट. नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. गावाचं जुनं नावही घोडनदीच. म्हातारी माणसं अजून कंडक्टरकडे घोडनदीचंच तिकीट मागतात. आजोबा सांगायचे, इंग्रजांची छावणी इथं होती तेव्हा पलटणीची घोडी याच उतारानं पाण्यावर आणत. त्या घोड्यांना गवत कापून आणणाऱ्यांची, खरारा करणाऱ्यांची खोपटी म्हणजे आमची आळी. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. घाट मात्र दोन होते, हे खरं. वरचा घाट गावाचा, खालचा आमचा. पाणी आधी त्यांच्याकडून यायचं, मग आमच्याकडे. आजोबा हे सांगताना कधी चिडले नाहीत. “त्यांच्या धुण्याचा साबण आमाला फुकाट मिळायचा,” असं म्हणून हसायचे. माझ्या लहानपणी नळ आले, तेव्हा दोन्ही घाटांवर नुसत्या धुणं धुणाऱ्या बायका उरल्या. कुणी वर बसावं आणि कुणी खाली, हे विचारायचं हळूहळू सगळ्यांनीच सोडून दिलं.

उन्हाळ्यात पाणी आटलं की नदीत वाळूच वाळू असायची. पांढरी, जाड, उन्हात डोळे दिपवणारी. आळीतली माणसं त्या वाळूत वाफे करून कलिंगडं, खरबुजं, काकड्या लावायची. कुठंही कोपरभर उकरलं की झिरा लागायचा. ते पाणी वाटीनं घागरीत भरायचं. फ्रिज आल्यावरही आईला तेच पाणी गोड लागायचं.

आक्काला पोहायला दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी शिकवलं, पाठीला वाळका भोपळा बांधून. ती इतकी पटकन शिकली की भोपळा दोन दिवसांत घरी परत आला आणि आईनं त्यात बी ठेवलं. पुढं आक्कानं मला शिकवलं, माझ्या मैत्रिणींना शिकवलं, मग आळीतल्या लग्न होऊन आलेल्या सुनांनाही शिकवलं. भर दुपारी पुरुष कामावर गेलेले असायचे, तेव्हा या बायका साडीचा काष्टा मारून खालच्या घाटावर उतरायच्या. सासवा काठावर राखण करत बसायच्या आणि हसून हसून बेजार व्हायच्या. एका सासूला तर आक्कानं हाताला धरून पाण्यात ओढलं होतं. त्या म्हातारीनं नंतर महिनाभर सगळ्या आळीला सांगितलं की मी पवले.

तिचं लग्न दौंडला झालं. नवरा रेल्वेत होता. काही वर्षांनी त्यानं दुसरी बाई घरात आणली आणि आक्का एक पेटी घेऊन परत आली. बायका चौकशी करायला आल्या, तर ती त्यांना म्हणाली, “तिथली भीमा मला मानवली न्हाई.” एवढंच. मग ती रांजणगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागली. सकाळी कंपनीच्या बसनं जायची, संध्याकाळी यायची. गुरुवारी सुट्टी. दादा गेल्यावर घर तिनंच चालवलं. मी शिकून पुण्यात नोकरीला लागले ते तिच्यामुळं. मी तसं म्हटलं की ती माझ्या डोक्यात टपली मारायची. “लई शानी झाली बारकी.”

याच वर्षांत वाळू गेली. सुरुवातीला बैलगाड्या यायच्या, मग ट्रॅक्टर, मग मोठाले हायवा ट्रक. सुरुवातीला पाट्या भरायला आमच्याच आळीतली माणसं जायची. रोज चांगला मिळायचा, त्यांना तरी नावं कशी ठेवणार? मग जेसीबी आले, पाण्यातून वाळू ओढणारे पंप आले आणि पाट्यांचं कामही गेलं. पुण्याकडे इमारती उठत होत्या आणि इकडे आमची नदी खोल होत होती. कलिंगडाचे वाफे बंद पडले, कारण वाफ्यांना वाळूच उरली नाही. झिरे आटले. उन्हाळ्यात नदीत उतरलं की काळी माती, खडक आणि मधे मधे घराएवढे खड्डे. पावसाळ्यानंतर धरणातून पाणी सुटलं की सगळं एकसारखं भरून जायचं. वरून बघणाऱ्याला वाटायचं, गुडघाभर पाणी आहे.

आक्का म्हणायची, “आता कुणाला शिकवायचं नाय. मलाच तळ कळंना.” आणि खरंच तिनं शिकवणं बंद केलं.

आमच्या मागच्या खोलीत तेव्हा भाडेकरू होते. बिहारमधून आलेलं नवीन जोडपं. नवरा कारखान्यात ठेक्यावर होता. बायको अगदी कोवळी, दिवसभर एकटी. आक्का घरी आली की ती दारात येऊन उभी राहायची. “दीदी, आज क्या बनाया?” आक्काचं हिंदी कँटीनमधलं होतं. “पिठला बनाया, तू भी खा.” महिन्याभरात ती पोरगी आमच्या चुलीपाशीच बसायला लागली. तिला भाकरी थापता येईना, मोडलेली भाकरी बघून आई तिला हसायची. तिच्या माहेरी मोठी नदी होती म्हणे, आमच्या नदीच्या दसपट. तिला पाण्याची भीती नव्हती. पोहताही येत नव्हतं.

आमच्या घरात घट बसत नाहीत. तरी नवरात्राच्या आधी गोधड्या मात्र आम्हीही सगळ्या आळीबरोबर नदीवर नेऊन धुवायचो. त्या वर्षीही गुरुवार गाठून आक्का आणि आई घाटावर गेल्या. ती पोरगीही आपली एक चादर घेऊन मागोमाग गेली. मी पुण्यात ऑफिसला होते. पुढचं आईनं मला जसं सांगितलं तसं सांगते. आईनं ते एकदाच सांगितलं.

पोरगी आमची गोधडी पाण्यात हिसळत होती. भिजलेली गोधडी किती जड होते ते तिला माहीत नव्हतं. ती हातातून सुटली आणि वाहायला लागली. दुसऱ्याची वस्तू गेली म्हणून पोरगी घाबरून तिच्या मागे दोन पावलं गेली. तिसरं पाऊल खड्ड्यात पडलं. बायका ओरडल्या. आक्का वरच्या पायरीवर पिळे घालत होती. तिनं हातातला पिळा टाकला आणि उडी घेतली. पोरगीला केसाला धरून वर काढलं, काठाकडे ढकललं. बायकांनी साडी फेकली, पोरगीनं ती धरली. आक्का तिच्या मागंच होती. एक हात काठाला लागलाही होता. आणि ती कड, ती नुसती मातीची कड, तिच्या हाताखाली ढासळली. ती मातीसकट खाली गेली ती वर आलीच नाही. आई म्हणाली, “मला वाटलं बुडी मारली तिनं. मी वाट बघत बसले. ती लई येळ दम धरायची ना.”

मला शेजारच्या मामांचा फोन आला. “तू निघून ये. आक्काला जरा लागलंय.” एसटीत बसल्यावर मी पुन्हा फोन केला, कुठल्या दवाखान्यात नेलंय म्हणून विचारलं. मामा नुसते म्हणाले, “तू ये, पोरी.” शिक्रापूर जाईपर्यंत मला कळून चुकलं होतं. खिडकीतून ऊस दिसत होता, कंपन्या दिसत होत्या. शेजारच्या बाईनं मला संत्र्याची फोड दिली आणि मी ती खाल्ली. त्याचं मला अजून नवल वाटतं.

भोयांनी दुसऱ्या दिवशी तिला बाहेर काढलं. पंचनामा झाला. अपघाती मृत्यू असं ठरलं. आळीतली माणसं मिळून तहसील कचेरीत गेली. हा खड्डा कुणी खणला, त्याला विचारा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिथल्या माणसानं नीट ऐकून घेतलं, पाणी पाजलं आणि म्हणाला, “नदीतला खड्डा कुणाच्या नावावर धरायचा, तुम्हीच सांगा.” माणसं परत आली. त्यांच्यातल्या काहींनी कधीकाळी तिथल्याच पाट्या भरल्या होत्या. कुणी कुणाकडे बघेना.

पोरगी वाचली. आईला ते सहन होईना. “तिला सांग, माझ्या म्होरं येऊ नको,” आई मला म्हणाली. मी सांगितलं. पोरगीनं मान हलवली. ती मागच्या दारानं ये-जा करू लागली. खोल्यांच्या मधे एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. तिकडचं रडणं इकडं ऐकू यायचं आणि इकडचं तिकडं जात असणार. रोज सकाळी आमच्या उंबऱ्यात झाकलेला चहा ठेवलेला असायचा. आई तो मोरीत ओतायची आणि कप विसळून पुन्हा उंबऱ्यात ठेवायची. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आले, सगळी आळी बसली. पोरगी विहाराबाहेर चपला ठेवायच्या जागी बसून राहिली. मी तिला आत बोलवायला उठले होते. आईनं माझा पदर धरला.

थोड्या दिवसांनी तिच्या नवऱ्याचं काम संपलं. ते चाकणला निघाले. टेम्पो आळीच्या तोंडाशी उभा होता. पोरगी आली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवून हलेचना. आई भिंतीकडे बघत बसली होती. तिकडेच बघत तिनं विचारलं, “पाण्यात ती काय बोलली का तुला?”

मला वाटलं, पोरगीला कळलं नसेल. पण एवढ्या दिवसांत ती मराठी शिकली होती.

“बोलली ना, आई,” ती म्हणाली. “मी त्यांना गच्च धरली होती. गळ्याला. त्या बोलल्या, पाय हाणू नको, अंग सोड. मग मी सोडली.”

घाटावर आक्का प्रत्येकीला हेच सांगायची. मलाही सांगितलं होतं. आई एकदम ओरडून रडायला लागली. आक्का गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. पोरगी घाबरून मागे सरकली. आईनं तिचं मनगट धरलं आणि तिला जवळ ओढलं. दोघी कितीतरी वेळ तशाच बसल्या. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मग आई उठली, चूल पेटवली आणि म्हणाली, “जेवून जा.” पोरगीनं भाकरी खाल्ली, नवऱ्यासाठी फडक्यात बांधून घेतली आणि गेली.

त्यानंतर वर्षभरात मी आईला पुण्याला आणलं. आळीतली आणखी चार-पाच घरं रिकामी झाली. आमच्या घराच्या जागी आता सिमेंटच्या गोण्यांचं गोदाम आहे. खड्डा बुजवायला कुणी आलं नाही. सुरुवातीला आळीतल्या बायका ‘आपली आक्का गेली तो खड्डा’ म्हणायच्या. मग नुसता ‘आक्काचा खड्डा’. नवीन भाडेकरू आले, त्यांना आक्का कोण ते माहीत नव्हतं.

आई आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. आमच्या फ्लॅटच्या आवारात पोहण्याचा तलाव आहे. निळ्या फरशीचा, तळ लख्ख दिसणारा. संध्याकाळी पोरं त्यात उड्या मारतात तेव्हा आई गॅलरीचं दार लावून घेते. आक्काबद्दल ती फारसं बोलत नाही. पण कधी भाजी निवडताना, कधी टीव्हीवर काहीतरी चालू असताना मधेच मला विचारते, “त्या पोरीचा फोन हाय का गं?”

माझ्याकडे जो नंबर आहे तो बंद आहे. मी कितीदा लावून पाहिला. चाकणला ओळखीच्यांकडे चौकशी केली, पण ठेक्यावरची माणसं वर्षभर एका जागी राहत नाहीत.

“कशाला पायजे?” मी विचारते.

“न्हाई, आपलं सहज. ती पवायला शिकली आसंल का?”

मी म्हणते, शिकली असेल. आई माझ्याकडे बघते. माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही, हे मला कळतं. मग ती पुन्हा खाली मान घालून मेथी निवडायला लागते.