सात जणींची मापं

चाकणला नवं हॉटेल उघडलं, तिथल्या रिसेप्शनवरच्या बायकांचे स्कर्ट शिवायचं काम मला मिळालं. माझं थेरगावात ब्लाउज आणि पंजाबी ड्रेसचं लहानसं दुकान. मॅनेजरने मोबाइलवर फोटो दाखवला. चौकडीच्या कापडाचा, सगळीकडून चुण्यांचा स्कर्ट, आत काडीसारखी मुलगी. "लहान, मध्यम, मोठा, तीन साइझ करा," तो म्हणाला. मी म्हटलं, चुण्यांचं तसं चालत नाही, प्रत्येकीचं माप घ्यावं लागेल.

बायका सात होत्या. हॉटेलच्या स्टोअररूममध्ये मी एकेकीला आत घेतलं. जिची सीट, म्हणजे मागचा घेर, रुंद, तिच्या चुण्या तिथपर्यंत टीप मारून दाबायच्या, म्हणजे फुगत नाहीत. जी बारीक, तिला खोल चुण्या, म्हणजे अंग भरल्यासारखं दिसतं.

शेवटी आली ती लातूरकडची, चाळिशीची. नवऱ्याला कंपनीने कमी केलेलं, घर हिच्यावरच. टेप लावताच तिने श्वास आत ओढला.

"सोडा श्वास, ताई. नाहीतर बसल्यावर काचेल."

"दोन सिझर झालेत," ती हळू आवाजात म्हणाली. "तेवढं पोट दिसू देऊ नका."

तिच्यासाठी मी पुढचा भाग सपाट ठेवला, चुण्या बाजूला आणि मागे घेतल्या, पट्ट्यात मागून इलॅस्टिक घातलं. घालून बघितल्यावर ती आरशासमोरून हलेचना. "लई बरं दिसायलंय," म्हणाली.

स्कर्ट दिले त्या दिवशी मॅनेजरने मापांचा कागद मागितला. पुढच्या ऑर्डरला लागेल म्हणाला. मी वहीतलं पान फाडून दिलं. त्यात काही वावगं वाटलं नाही.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, मापं तुम्ही दिली का त्यांना?"

कंबर चौतीसच्या वर असलेल्या तिघींना, त्यात तिलाही, रिसेप्शनवरून काढून लाँड्रीत टाकलं होतं. मॅनेजरने माझ्याच अक्षरातला कागद वाचून नावं घेतली होती.

मी दुसऱ्या दिवशी चाकणला गेले. "ती मापं शिवायला घेतली होती," मी म्हटलं.

"स्कर्ट मस्त झालेत, मॅडम," तो म्हणाला. "आता तीन नव्या मुली येतायत. तिघींची कंबर अठ्ठावीस." त्याने कापडाचा गठ्ठा पुढे सरकवला. बसमध्ये मी नकाराची वाक्यं जुळवत आले होते. तरी गठ्ठा घेऊनच मी परत आले.

लाँड्रीतल्या वाफेने तिचा जुना दमा उसळला. दीड महिन्यात तिने काम सोडलं. मी तिला फोन केला, म्हटलं, माझ्याकडे हूक-बटणाला या. तेवढंच मला देता येण्यासारखं होतं.

"नको," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही, ताई. पण तुमच्या दुकानात मला आता उभं राहवणार नाही."

नंतर तिने माझा फोन उचलला नाही. हॉटेलचं काम मात्र अजून माझ्याकडेच येतं, आणि मी ते करते.