भिंतीवरच्या डोळ्यांची राखणदार

मठातल्या ख्रिस्ती जोगिणींना सरकारनं हाकलल्यावर मठाची किल्ली गावातल्या सावेताकडे आली. लग्न न केलेली, तोंडाची फटकळ. आमच्या मोल्दोव्हा प्रांतात देवळं बाहेरूनही चितारलेली असतात, आणि आमच्या मठाच्या दक्षिण भिंतीवर संतांच्या रांगाच रांगा होत्या. हाताला येतील तेवढ्या संतांना मात्र डोळे नव्हते. डोळ्यांचा रंग खरवडून पाण्यात कालवून लावला की दुखरे डोळे बरे होतात, असं गावात सगळेच मानत. माझ्या आईनंही माझ्यासाठी खरवडला होता. सावेतानं हे बंद केलं. कुंपण घातलं, दारात कुत्रा बांधला. महिनाभरात कुत्र्याला कुणीतरी विष घातलं.

मग तिच्या थोरल्या भावाच्या, तोआदेरच्या, डोळ्यांत फूल पडलं. एका पहाटे त्याची बायको वारवारा शिडी लावून वरच्या रांगेतल्या संताचा डोळा सुरीनं खरवडताना सापडली. सावेतानं शिडी हलवून तिला खाली उतरवलं आणि सुरी हिसकावली. मी शेजारच्या कुरणात गवत कापत होतो.

"तुझा सख्खा भाऊ आंधळा होतोय आणि तू चुन्याला जपतेस?" वारवारा म्हणाली.

"त्याला सुचावा शहरात डॉक्टरकडे ने, वहिनी. मी सोबत येते."

"तू आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाहीस."

तोआदेर डॉक्टरकडे गेलाच नाही. बहिणीनं सांगितलं म्हणूनच गेला नाही, असं मला वाटतं. हिवाळ्याच्या आत त्याची दृष्टी गेली. गावानं दोष सावेताला दिला. तिची गवताची गंजी पेटली, विझवायला कुणी आलं नाही. मीही गेलो नाही. ईस्टरला ती रंगवलेलं लाल अंडं घेऊन भावाकडे गेली. त्यानं हातानं चाचपलं, मुठीत चिरडलं आणि टरफलं तिच्या पायांशी टाकली. ती तशीच परतली आणि कुंपणाची मोडलेली फळी ठोकत बसली.

त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. त्या वर्षांत भिंतीवरचा एकही डोळा गेला नाही. शहरातले जाणकार भिंत बघायला येत, तिचं कौतुक करत. गावात मात्र तिला कुणी 'बस' म्हणालं नाही.

ती गेली तेव्हा खड्डा मठाच्या आवारात, भिंतीलगत खणला होता. तोआदेर काठी टेकत आला.

"तिथं नाही," तो म्हणाला. "ओढ्याकडे पुरा. ती भिंत तिला मिळू द्यायची नाही."

कुणी वाद घातला नाही. आम्ही ओढ्याकाठी दुसरा खड्डा खणला.