चनबसप्पांचं पोट आणि अंगठ्याचं गेज

सात रस्ता चौकात पंक्चर काढणारे चनबसप्पा दोनच गोष्टींना भ्यायचे: बायकोला आणि जास्त भरलेल्या ट्यूबला. बायको दानम्मा अजून फुटली नव्हती. ट्रॅक्टरची ट्यूब मात्र एकदा फुटली, तेव्हापासून त्यांचा डावा कान मनात येईल तेव्हाच ऐकतो.

त्यांच्या किडनीवर गाठ निघाली. रोबोटनं तेवढी गाठच काढू, बाकी किडनी वाचेल, असं डॉक्टर ऋतुजा म्हणाल्या, तेव्हा चनबसप्पांनी छाती काढून मान डोलावली. पण आत जागा व्हावी म्हणून आधी पोट गॅसनं फुगवतात, हे ऐकताच गडी दवाखान्याच्या खाटेवरून उठला आणि चपला शोधू लागला.

"मॅडम, पोटाला व्हॉल्व्ह कुटं हाय?"

डॉक्टरबाईंनी हसू गिळलं. बारीक नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणाल्या; तो पेट घेत नाही, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. मग साधी हवा का नको, फुकट मिळते की, असं यांनी विचारलं. रक्तात गेली तर हवेचा बुडबुडा लवकर विरघळत नाही, जिवावर बेततं, असं उत्तर आलं. जन्मभर विकलेल्या मालाची ही बदनामी चनबसप्पांना लई लागली.

"आन् दाब जास्त झाला तर? गेज कोण बघतं?"

"मशीन सारखं बघतं. ठरल्यापेक्षा वाढला की आवाज देतं. शिवाय भूल देणारे डॉक्टर शेजारी असतात. तुमच्या दुकानात गेज कोण बघतं?"

चनबसप्पा छताकडे बघू लागले. दानम्मानं कोपऱ्यातून सांगून टाकलं, "ह्यांचं गेज कवाच मेलंय. अंगठ्यानं दाबून 'बरोबर हाय' म्हनतात."

चपला पुन्हा खाटेखाली गेल्या.

ऑपरेशन नीट पार पडलं, गाठ निघाली. पण शुद्धीवर आल्यावर दुखत होता खांदा. थोडा गॅस आत राहतो, त्यानं खांदा दुखतो, जाईल आपोआप, असं नर्सनं समजावलं. यांना ऐकू आलं एवढंच, की आत राहतो. नर्सची पाठ वळताच त्यांनी बोटाला थुंकी लावली आणि बुडबुडा येतो का बघायला ते पोटावरच्या पट्टीकडे नेलं. तिनं वळून मनगट धरलं.

"काका, हे काय?"

"काय न्हाय ओ," दानम्मा म्हणाली, "पंक्चर बघतायत."

खांदा आपोआप हलका झाला. दुकानात आता नवं कोरं गेज लटकतंय. कुणी गिऱ्हाईक घाईत "अंगठ्यानं बघा की" म्हणालं, तर चनबसप्पा शर्ट वर करून पोटावरच्या खुणा दाखवतात.